डाव्या चाकाचा हब

दाजी,

तुमच्या मयताला मी रडलो नाही. सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या भावकीतल्या बायका पदराआड कुजबुजल्या की मेहुण्याचं काळीज दगडाचं आहे. बरोबरच आहे त्यांचं. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा मात्र मी कुणी न सांगता डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथं तुमचा पुतण्या उभा होता, त्याला कोपरानं बाजूला सारलं. त्याला वाटलं, ह्याला मान पाहिजे. आपल्या दोघांत डावी बाजू कुणाची, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत.

आज तेरावाही झाला. गोडाचं जेवण झालं, लोक हात पुसत आपापल्या गावी गेले. चौदा वर्षं तुमच्याशी सरळ दोन शब्द बोललो नाही आणि आता कागद घेऊन बसलोय. मेलेल्या माणसाशी बोलणं सोपं, तो मधे तोंड घालत नाही. तसं तुम्ही जिवंतपणीही घातलं नाही, हीच तर तुमची खोड. दुसरा कुणी असता तर त्यानं माझी गचांडी धरली असती, दोन ठेवून दिल्या असत्या आणि दोघंही मोकळे झालो असतो. तुम्ही कानटोपी नीट करायचात आणि "बरं" म्हणायचात. दसऱ्याला चढलेली ती कानटोपी शिमग्याला उतरायची. मला त्या टोपीचाही राग यायचा.

आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते लिहितो. चौदा हिवाळ्यांपूर्वी माझी आक्का, म्हणजे तुमची बायको सुमन, आपल्या ट्रकच्या केबिनमध्ये आपल्या दोघांच्या मधे बसलेली असताना गेली. मी गावाला सांगितलं की तुम्ही तिला मारलं. तुमच्या सात वर्षांच्या दिगूला उचलून मी माझ्या घरी आणलं. त्याला वाढवलं, शिकवलं, रेल्वेत फिटर म्हणून लागेपर्यंत सगळं केलं. आणि रोज भाकरीबरोबर त्याला एक वाक्य चारलं, की तुझ्या बापाच्या आळसानं तुझी आई गेली. पोरगं हुशार, लवकर शिकलं. तुम्हाला तो कधी आबा म्हणाला नाही. "त्यो माणूस" म्हणायचा. ते ऐकून मला बरं वाटायचं, दाजी. खोटं कशाला लिहू.

आता जे फक्त मला माहीत होतं, असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं, ते लिहायचं आहे.

तो ट्रक आठवतो ना? लष्कराच्या लिलावातून आपण दोघांनी मिळून घेतलेला. गाव त्याला "मिलिट्री" म्हणायचं. पावसाळ्यात एसटी आपल्या गावापर्यंत यायची नाही, बैलगाडीची चाकं काळ्या मातीत जाम व्हायची, तेव्हा आपली मिलिट्री पूर्णेच्या स्टेशनावर माणसं पोचवायची. कारण तिची पुढची चाकंही ओढायची. फक्त त्यासाठी खाली उतरावं लागायचं. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती होती, तो हब. हातानं एका अंगाला फिरवला की लॉक, म्हणजे चाक एक्सलला जोडलं. दुसऱ्या अंगाला फिरवला की फ्री, म्हणजे चाक नुसतं गडगडत जाणार. दोन्ही हब लॉक करायचे, मग केबिनमधला दांडा ओढायचा, की मिलिट्री चिखलातून रेड्यासारखी बाहेर यायची.

दोघांचा अर्धा अर्धा ट्रक, म्हणून आपला कायदाही तसाच. उजवं चाक तुमचं, कारण तुम्ही चालवायचात. डावं माझं. आपापल्या बाजूनं उतरायचं, आपापला हब फिरवायचा, दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही. आत बसल्यावर तुम्ही विचारायचात, "डावं?" मी म्हणायचो, "लागलं." किंवा, "सुटलं." मग गाडी हलायची. एकदा मला ताप होता तर तुम्ही मला घोंगडीसकट खाली उतरवलं, पण माझ्या हबला हात लावला नाही. पॅसेंजर हसून लोळले होते.

भांडण लागलं ते हिवाळ्याचं. माझं म्हणणं, पाऊस संपला, डांबरी आली की हब फ्री करा. उगीच पुढचा एक्सल फिरत राहतो, डिझेल पितो, स्टिअरिंग जड जातं. तुमचं म्हणणं, लॉकच राहू द्या. गव्हाला कालव्याचं पाणी सुटलं की चारीच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, कडेचा रस्ता कधी कुठं भिजेल सांगता येत नाही, आणि पहाटे थंडीत हब असा आवळून बसतो की हलत नाही. लॉक असला की आतल्या आत नुसता दांडा ओढायचा.

"तुमाला खाली उतरायचा कटाळा," मी म्हणायचो.

"कटाळा न्हाई हो बापूराव. येळ सांगून येती का?"

"दिवाळीपस्नं शिमग्यापतुर लॉक? एक्सलचा भुगा व्हईल, भुगा."

"बरं," तुम्ही म्हणायचात, आणि लॉकच ठेवायचात.

शेवटी आपण खाजाभाई मिस्त्रीकडं न्याय मागायला गेलो. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "लॉक रखो, फ्री रखो, कुछ नै होता. पन दोनो बाजू एक रखो बाबा. एक लॉक और एक फ्री, तो अगली ताकत सारी फ्री बाजू में घूमके जाया होती. फिर समझो अगला एक्सल मुर्दा." दोघांनीही मान हलवली. घरी येताना मी आक्काला सांगितलं की मी जिंकलो, तुम्ही तिला सांगितलं की तुम्ही जिंकलात.

आक्कानं मला नंतर बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं होतं. "आरं, त्येंची उजव्या हाताची बोटं थंडीत मिटत न्हाईत. कडबा तोडताना यंत्रात गेलती ना मागं. हब फिरवताना डोळ्यात पाणी येतंय त्येंच्या. तुला सांगत न्हाईत, तू हासशील मनून." मी हसलोच. दुसऱ्याच दिवशी स्टेशनावर, भरल्या गाडीसमोर म्हणालो, "दाजी, बोटं चालत नसतील तर बांगड्या भरा." तुम्ही ऐकलं. समोर बघून दोन वेळा हॉर्न वाजवला. पॅसेंजर बोलवायला सीट रिकामी नव्हती, तरी हॉर्न वाजवला. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण लोक हसत होते आणि मला लोकांनी हसलेलं आवडतं. मी पुढं म्हणालो, "आमच्या बापानं पोरगी दिली तवा हात बगितलाच न्हाई."

तिथून अबोला. नऊ दिवस.

अबोला म्हणजे आपला, मेहुण्या-दाजींचा. गाडी बंद नाही, जेवणंही आक्काच्याच चुलीवर शेजारी शेजारी बसून. फक्त बोलायचं ते तिच्यामार्फत. "आक्का, त्येन्ला सांग, डिझेल भरायचंय." "आगं, बापूरावला मनावं भरलंय." ती पोळपाटावर लाटणं आपटायची आणि म्हणायची, "मी काय पोस्टमन हाय का रं तुमचा?" तिच्या छातीत तेव्हाच घरघर चालू झाली होती. दर हिवाळ्यात तिचा दमा उठायचा, पूर्णेच्या डॉक्टरानं एक सुई टोचली की बसायचा. दोघांनाही वाटलं, बसेल.

अबोल्याच्या सातव्या दिवशी आपण स्टेशनाला निघालो. डांबरी लागली तसा मी गाडी थांबवायला लावली. म्हणजे दारावर थाप मारली, बोलायचं नव्हतंच. खाली उतरलो आणि माझा हब फ्री केला. तुम्ही सीटवरून हलला नाहीत. तुमचा लॉक होता, मला माहीत होतं. खाजाभाईचं वाक्यही आठवत होतं, अगदी शब्द न् शब्द. तरी मी तो तसाच ठेवला. मनात म्हणालो, अर्धा ट्रक माझा आहे, माझ्या अर्ध्यात माझं चालेल. दरवाजा आपटून आत बसलो. तुम्ही नेहमीसारखं विचारलं नाही आणि मी नेहमीसारखं सांगितलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी आक्काच्या ओठांवर निळी झाक आली.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाचे दिवस. एसटी बंद होती आणि डांबरीवर आपल्याच लोकांनी विरोध म्हणून बाभळीची खोडं आडवी टाकली होती. टाकणारे घरी जाऊन शेकत बसले होते, खोडं तिथंच होती. म्हणून पूर्णेच्या डॉक्टराकडं चारीकडेच्या रस्त्यानं निघालो. सूर्य नुकताच वर आलेला, गव्हावर दव पांढरं दिसत होतं. तुम्ही चालवत होता, मी डावीकडं, आक्का मधे, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. तिच्या छातीचा आवाज इंजिनच्या आवाजाच्या वर येत होता.

आणि मग चारी फुटलेली दिसली. वीस-पंचवीस पावलं रस्ता पाण्याखाली, काळा, वर गुळगुळीत. दोन दिवसांपूर्वी तिथं धूळ होती.

तुम्ही ट्रक थांबवलात. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, दाजी. तुम्ही थांबवलात. इंजिन चालू ठेवून समोर बघत राहिलात. तेवढा वेळ "डावं?" एवढा एक शब्द विचारायला भरपूर होता. तुम्ही विचारला नाहीत. नऊ दिवसांचा राग तुमच्याही घशात होता, म्हणून तुम्हालाही मी सोडणार नाही. पण तुम्ही माझी वाट बघत होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी उतरलो नाही. उतरलो तर आक्काचं डोकं घसरेल, असं मी स्वतःला पुढं कित्येक वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. तिला तुमच्याकडं टेकवता आलं असतं. मी उतरलो नाही, कारण उतरून हब फिरवला असता तर तो सुटलेला होता हे तुम्हाला कळलं असतं. मग तुमचं खरं ठरलं असतं, वेळ सांगून येत नाही हे. मला वाटलं, वीस पावलं तर आहेत, जाईल तशीच. माझी बहीण श्वासासाठी तडफडत होती आणि मी हबचा वाद जिंकत होतो.

तुम्ही दांडा ओढलात आणि गाडी घातलीत. मधोमध जाऊन ती बसली. मागची चाकं गरागरा फिरून खाली जात होती, पुढची मुर्दा. खाजाभाई म्हणाला होता तशी. तुम्ही आणखी रेस केलीत, आणखी खाली गेली.

त्यानंतरचं मला लिहायचं नव्हतं, पण लिहितो, नाहीतर ह्या सगळ्याला काही अर्थ नाही. मी आक्काला म्हणालो, "आक्का, त्येन्ला सांग, माघं घ्या मनावं." आणि तुम्ही म्हणालात, "बापूरावला मनावं, खाली उतरून ढकला." गुदमरत असलेल्या बाईकडून आपण एकमेकांना निरोप धाडत होतो. दोन वेळा. तिसऱ्या वेळी तिनं एका हातानं माझी बाही धरली, दुसऱ्या हातानं तुमची. शब्द फुटेना. मग म्हणाली, "बोला की रं... तुमचं तुमी."

ते तिचं शेवटचं बोलणं. आपल्याला तिनं एकच काम सांगितलं आणि आपण तेही केलं नाही.

मी उडी टाकली. गुडघाभर चिखल, बर्फासारखा गार. डाव्या चाकाशी बसून मी हातानं चिखल उकरला, हब सापडला, दोन्ही हातांनी पिळला तेव्हा कुठं तो फिरला. कट्‌ असा बसला. ट्रकला हिसका बसला, पुढची चाकं धरू लागली, हातभर पुढं सरकलीही. पण तोवर पोट चिखलावर टेकलं होतं. मी तुमच्याकडं बघितलं नाही. बैल आणायला शेताकडं पळत सुटलो. बैलजोडी घेऊन आलो तेव्हा तुम्ही आक्काला मांडीवर घेऊन बसला होता आणि तुमची कानटोपी तिच्या डोक्याला होती.

बैलवाल्यादेखत मी तिथंच, चिखलात उभा राहून बोंब मारली. "पुढचं वढलंच न्हाई! हिवाळाभर लॉक ठिवून ठिवून एक्सल खाल्ला ह्या मानसानं! हात चालत न्हाई मनून! ह्येनं मारली माझी आक्का!" बैलवाल्यानं वाकून दोन्ही हब बघितले. दोन्ही लॉक. मग त्यानं तुमच्याकडं बघितलं. ती नजर पुढं सगळ्या गावाची झाली. तुमचं तोंड उघडलं होतं, आणि मिटलं.

तेराव्याला मी दिगूला घेऊन गेलो. तुम्ही त्याचे कपडे स्वतः घडी करून पिशवीत भरलेत. स्वेटर वर ठेवलात.

दर दिवाळीला आणि पोळ्याला तुम्ही यायचात. मी तुम्हाला ओसरीवर बसवायचो, आत नाही. दिगू मागच्या दारानं पळून जायचा, गावातही तुम्ही दिसलात की वाट बदलायचा. बायको चहा द्यायची आणि माझ्याकडं बघायची. तुम्ही आणलेले पेढे पोरगं खायचं नाही, मग मीच खायचो, तुमच्यासमोर. बशीत चहा ओतताना तुमच्या हाताला कंप सुटायचा आणि मी मुद्दाम म्हणायचो, "बगा, बोटं." एकदा तुम्ही विचारलं, "दिगू किती उच झाला?" मी हातानं दाखवलं सुद्धा नाही. म्हणालो, "तुमाला काय करायचंय?"

तुम्ही एकदाच विचारलंत. पहिल्या वर्षीच्या दिवाळीला, जाताना, उंबऱ्याशी वहाणा घालत. वर न बघता.

"डावं?"

मी म्हणालो, "लागलं व्हतं."

तुम्ही वहाणेचा पट्टा नीट केलात. "बरं," म्हणालात आणि निघून गेलात. मला वाटलं, पटलं ह्याला. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

ह्या सगळ्यात तुमचं काही चांगलंही होतं, आणि ते लिहिताना मला जास्त त्रास होतोय. मला गाडी शिकवलीत ती तुम्हीच. गिअर ओरडला की तुम्ही म्हणायचात, "त्येला मारू नका, विचारा." हुरड्याच्या दिवसांत तुम्ही सगळ्या गल्लीतल्या बायका-पोरांना मिलिट्रीत भरून शेतावर न्यायचात. आक्का तुमच्या शेजारी बसून गरम कणसं चोळायची आणि पहिला घास तुमच्या तोंडात टाकायची, कारण तुमचे हात स्टिअरिंगवर. मी डावीकडं बसून म्हणायचो, "आमाला काय तोंड न्हाई का?" मग दुसरा मला. तेवढ्या त्या केबिनमध्ये मी जितका सुखी होतो तितका पुढं कुठंच झालो नाही. तुमचे उपकार आहेत ते. आज मानतो.

यंदा संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचं एकदाचं मिटलं. ज्यापायी खोडं आडवी पडली होती ते भांडणसुद्धा मिटलं. मी मनात म्हणालो, पोळ्याला दाजी आले की आत बोलवू. पोळा कुठला, संक्रांतीच्याच महिन्यात तुम्ही झोपेत गेलात. दिगूला पूर्णेला निरोप धाडला तर म्हणाला, "मामा, आलंच पायजे का?" मी म्हणालो, "अग्नी द्यायला पायजे." तो आला, कामावर हजेरी लावायला आल्यासारखा. कोरड्या डोळ्यांनी अग्नी दिला आणि हात धुतले. त्याच्याकडं बघून गावातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, की बापानं केलं तसं भरलं. मी गप्प उभा होतो. गप्प राहायची सवय मलाही लागलीय.

आज जेवणं उरकल्यावर दिगू म्हणाला, "मामा, मागं त्यो ट्रक हाय ना. भंगारवाल्याला सांगू का?" चौदा वर्षांत मी तुमच्या परसात पाय ठेवला नव्हता. तुम्ही ती गाडी विकली नाहीत, चालवली नाहीत, म्हणून लोक तुम्हाला वेडा म्हणायचे, मी सगळ्यांत जास्त. आम्ही मागं गेलो. टायर बसलेले, बॉनेटवर गोणपाट, केबिनमध्ये चिमण्यांनी घरटं केलेलं. सगळा ट्रक गंजून तांबडा झालेला.

दिगू फिटर आहे. त्यानं फेरी मारली, टायरला लाथ घातली, मग उजव्या चाकाशी बसला. उठून डावीकडं आला, पुन्हा बसला. बराच वेळ बसला.

"मामा, ह्ये बगा. सगळं गंजलंय, आन् ह्या दोन हबला ग्रीस हाय. ताजं. यंदाचंच."

मी बॉनेटवरचं गोणपाट सारखं करू लागलो.

"उजवं लॉक हाय. डावं फ्री. असं कोन ठिवतंय? अशानं पुढचं वढतच न्हाई."

दाजी, चिखलातून बाहेर काढला तेव्हा दोन्ही लॉक होते, बैलवाला साक्षीला होता. म्हणजे तुम्ही नंतर कधीतरी, स्वतःच्या हातानं, त्या न मिटणाऱ्या बोटांनी, माझा हब फिरवून त्या दिवशी जसा होता तसा ठेवलात. जन्मात एकदाच तुम्ही माझ्या बाजूला हात लावला. आणि दर हिवाळ्यात येऊन ग्रीस भरत राहिलात, तो गंजून अडकू नये, फिरवायचा म्हटलं तर फिरावा म्हणून.

तुम्हाला माहीत होतं. अर्थात माहीत होतं. मी हब लॉक केला तेव्हा हिसका तुमच्या हातातल्या स्टिअरिंगला बसला होता. चालवणाऱ्याला कळणार नाही तर कुणाला कळेल. उंबऱ्यावर तुम्ही मला विचारलंत तेव्हा उत्तर तुमच्याजवळ होतं, फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं. मी खोटं बोललो आणि तुम्ही "बरं" म्हणून तुमचं पोरगं माझ्याकडं ठेवून गेलात.

तुम्ही मला क्षमा केली असं काही मी मानत नाही. चांगुलपणा म्हणून चौदा वर्षं कुणी ग्रीस भरत नाही. पोराचं दुसरं घर मोडू नये म्हणून गप्प बसलात, हे थोडं असेल. बाकीचं, तुम्ही मला जाळत ठेवलंत. ट्रक उघड्यावर होता, गावातल्या कुणीही बघावा असा. तो वाचता येणारा माणूस एकच होता, आणि तो तुमच्या दारात येणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुमचा सूड माझ्याहून सवाई निघाला, दाजी. मी तर नुसता ओरडत होतो.

दिगू अजून बसलेलाच होता. तो हबावर बोट ठेवून म्हणाला, "त्या दिवशी असंच व्हतं का?"

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. जीभ तयार होती. म्हणता आलं असतं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, बसल्या बसल्या काहीतरी पिरगाळत असेल. पोरानं ऐकलं असतं, त्यानं माझं आजवर सगळं ऐकलंय. तो भंगारवाल्याला बोलावणार, ट्रक तोडला जाणार, आणि संध्याकाळी तो माझ्याबरोबर माझ्या घरी येऊन जेवणार.

मी म्हणालो, "व्हय. असंच व्हतं. डावं माझं व्हतं."

मग सगळं सांगितलं, आता लिहिलं तसं. निरोपाचंही सांगितलं. आक्का काय म्हणाली तेही. तो मधे एकदाही बोलला नाही, तुमच्यासारखाच. माझं संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "आबाला ठाव व्हतं?"

आबा म्हणाला, दाजी. मी मान हलवली.

तो उठला. हाताला लागलेलं ग्रीस त्यानं पुसलं नाही. माझ्या खांद्याला त्याची पिशवी होती, सकाळी मीच उचलून आणली होती, ती त्यानं काढून घेतली. तुमच्या मागच्या दारानं आत गेला आणि आतून कडी लावली. मी जरा वेळ डाव्या चाकाशी उभा राहिलो. दोनदा हाक मारली.  मग घरी आलो. बायकोनं विचारलं, दिगू कुठंय, तर तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

पोरगं तुमच्या घरी हाय.